मिशा ठेवाच्या का काढाच्या?

खुर्चीत माणूस बसतो. गळ्याभोवती कापड येतं, डोक्यावर पाण्याचा फवारा मारला जातो आणि मग सडक अर्जुनीतला माझा नाभिक मित्र विचारतो, "मिशा ठेवाच्या का काढाच्या?" केस किती बारीक करायचे हे माणसं पटकन सांगून मोकळी होतात. या प्रश्नापाशी मात्र अडतात. आरशात बघतात, हनुवटी इकडेतिकडे फिरवतात, बाकावर सोबती असेल तर त्याच्या तोंडाकडे बघतात. बोटभर रुंदीच्या जागेसाठी एवढा विचार का लागतो, हे समजून घ्यायचं म्हणून गेल्या दिवाळीआधीचे चार दिवस मी त्या दुकानातल्या बाकावर बसून काढले.

सडक अर्जुनी हे गोंदिया जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. साकोली सोडून देवरीकडे निघालं की वाटेत लागतं. जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक अर्जुनी मोरगाव आणि दुसरी ही सडकेवरची. ही सडक म्हणजे लोकांच्या तोंडचा मुंबई-कोलकाता महामार्ग. आमच्या पिढीला तो 'सहा नंबर' म्हणून ठाऊक, आता पाट्यांवर ५३ लिहिलेलं असतं. सडकेवरच्या गावात मिशांचे नमुने बघायला कुठे जावं लागत नाही. पंजाबचा ट्रकवाला, ओडिशाचा क्लीनर, रायपूरचा व्यापारी, नागपूरचा साहेब, सगळे चहाला थांबतात आणि आपापल्या मिशा दाखवून पुढे जातात. गावातली पोरं बघत असतात. माझ्या मित्राच्या आजोबांनी झाडाखाली पोतं टाकून वस्तरा चालवला. वर्षाकाठी घरटी पायल्यांनी धान मिळे. त्या काळी मिशीबद्दल विचारायची गरजच नव्हती. कोणाच्या ओठावर काय असतं, हे न्हाव्याला पाठ असे. प्रश्न सुरू झाला तो दुकान थाटल्यावर, अनोळखी गिऱ्हाईक यायला लागल्यावर.

पहिल्या दिवशी सकाळी पोलिस भरतीची तयारी करणारा एक मुलगा घामेजलेल्या अंगानंच आला. महामार्गाच्या कडेनं धावून आला होता. त्यानं मोबाइल पुढे केला. त्यात 'पुष्पा'मधला नायक. डिसेंबर २०२१ मध्ये तो सिनेमा आला तेव्हापासून हा फोटो आपण किती वेळा पाहिला याची मित्राला गणती नाही. त्याआधी 'केजीएफ'चा यश होता, त्याआधी 'सिंघम'. मुलाच्या ओठावर मिसरूड होतं, कोपऱ्यांवर जरा दाट, मधे नुसती सावली. त्याचं म्हणणं, दर दोन दिवसांनी वस्तरा फिरवला की केस जाड येतील.

"कोनं सांगतलं तुले?" मित्रानं विचारलं. "अभी दम धर गा. महिनाभर हात नोको लावू."

मित्राचं बरोबर होतं. वस्तऱ्यानं केस जाड होतात ही समजूत खेड्यातच आहे असं नाही, शहरातही पक्की आहे. अमेरिकेतल्या मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढीवर प्रयोग करून ती खोडून काढली. केसाचं मूळ कातडीखाली असतं, वस्तरा वरचा मेलेला भाग कापतो. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच. मिसरूडाचा क्रमही ठरलेला आहे. आधी ओठाचे दोन्ही कोपरे, मग मधला भाग, त्यानंतर गाल आणि हनुवटी. ज्याची मिशी मधे विरळ आहे त्याच्यात काही कमी नसतं. बहुतेक वेळा त्याचं वय कमी असतं, आणि काहींची ठेवणच तशी असते, घराण्यातून आलेली. मिशी दिवसाला एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढते. त्याच्या आत कोणताही आकार ठरवणं म्हणजे परे रोवल्याच्या दुसऱ्या दिवशी धानाचा उतारा सांगणं.

मुलगा थोडा हिरमुसला. जाताना मात्र त्यानं आरशात कोपऱ्यांकडे नीट बघून घेतलं.

मिशी कशी निवडायची, हे चार दिवसांत मला मित्राच्या हातांकडे बघून कळलं. तो गिऱ्हाइकाला आधी बोलतं करतो. यंदा धान कसं, रोवणा वेळेवर झाला का, पोरीचं कुठे जमलं का. मला वाटायचं ही दुकानदारी आहे. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं, "भाऊ, हासताना ओठ कुठं जाते, ते पायलं पायजे." गप्प बसलेल्या चेहऱ्यावर आखलेली मिशी हसल्यावर वाकडी होते. काही जणांचा ओठ हसताना एका बाजूला जास्त वर जातो. त्यांची मिशी दोन्हीकडे मोजून सारखी कापली तर उलट तिरकी दिसते. म्हणून तो हसवतो आणि मगच कात्री हातात घेतो.

दुसरी गोष्ट तो बघतो ती नाक आणि ओठ यांच्यामधलं अंतर. अंतर कमी असेल तर जाड झुपका नको. नाक आणि तोंड एकमेकांत शिरल्यासारखं दिसतं. तिथे बारीक, ओठाच्या कडेला धरून असलेली मिशी बरी. अंतर मोठं असेल तर तीच बारीक रेघ पोरकी वाटते, तिथे भरदार मिशी शोभते. मोठ्या नाकाच्या माणसानं तलवारकट ठेवायची नाही, नाक आणखी मोठं भासतं. लांबट चेहऱ्याला आडवी, रुंद मिशी, म्हणजे लांबी तुटते. गोल चेहऱ्याला टोकं किंचित वर. ज्याचे गाल बसले आहेत त्याच्या मिशीची टोकं खाली सोडू नयेत, माणूस आजारी दिसतो. मधे विरळ असेल तर मिशी वाढवून झाकायची धडपड करायची नाही, उलट आखूड ठेवायची आणि मधली वाट मोकळी सोडायची. हे कुठल्या पुस्तकातलं नाही. भिंतीवरच्या संत सेना महाराजांच्या तसबिरीखाली उभं राहून हजारो ओठ पाहिल्यानं आलेलं ज्ञान आहे, आणि मला ते फॅशनच्या व्हिडिओंपेक्षा भरवशाचं वाटतं.

हातांच्या सवयीही पाहण्यासारख्या. ओल्या मिशीला तो कधी कात्री लावत नाही, कारण ओला केस लांब दिसतो आणि सुकला की वर चढतो. मग घरी गेल्यावर माणसाला कळतं की ओठ उघडा पडला. मिशी कोरडी करायची, बारीक फणीनं सरळ खाली विंचरायची, मधोमधून एका कोपऱ्याकडे कापत जायचं, मग पुन्हा मधून दुसऱ्या कोपऱ्याकडे. एकदा कापून झालं की गिऱ्हाइकाला परत हसवायचं. ट्रिमर तो फक्त गालासाठी वापरतो. "मशीनले ओठ समजत नाई," असं म्हणतो.

आता दंडारीचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय आमच्या भागातल्या मिशीची गोष्ट पुरी होत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा धानाचा, जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, लागते आणि तिथून होळीपर्यंत रात्र रात्र नाटकं चालतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या नाटक मंडळांचं माहेर. गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. आज या नाटकांत बाया काम करतात. पण दंडार आणि खडी गंमत ही जुनी लोकनाट्यं पुरुषांची. बाईचं सोंगही पुरुषानंच घ्यायचं. आणि सोंग घ्यायचं तर मिशी काढायची.

ही साधी गोष्ट नव्हती. आमच्याकडे मिशी उतरवण्याची वेळ एकच, बाप गेल्यावर. क्षौर करताना डोक्याबरोबर ओठही भादरला जातो. रस्त्यात एखाद्याचा ओठ एकाएकी कोरा दिसला की समोरचा खालच्या आवाजात विचारतो, "कोन गेलं गा?" अशा ठिकाणी बाप जिता असताना मिशी काढणं म्हणजे त्याचं मरण तोंडावर लिहून फिरणं. माझे एक चुलत काका दंडारीत गवळणीचं सोंग घेत. सोळाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा मिसरूड काढलं, तेव्हा आजी चूल विझवून बसली होती, असं घरात सांगतात. आजोबा तो सगळा हंगाम त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी दंडार बघायला आले, सगळ्यात मागे, घोंगडी पांघरून. सोंग संपल्यावर उठून गेले. सकाळी काकांच्या ताटात त्यांनी स्वतःच्या हातानं दूध ओतलं. एवढ्यावर तो वाद मिटला. काकांनी त्यानंतर पंचवीसेक वर्षं दर दिवाळीला मिशी काढली आणि दर होळीला ठेवली. पावसाळ्यात बांधीत चिखल करणारे काका वेगळे दिसत आणि मंडईतले वेगळे. आम्हा पोरांना त्यांच्या ओठावरून महिना कळे.

ही अडचण एकट्या झाडीपट्टीची नव्हती. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' करायला निघाले तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. स्त्रीभूमिका घेणाऱ्या नटांना मिशी काढायला लावताना फाळक्यांची दमछाक झाली, कारण तेच, बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची. समजूत घालून घालून त्यांनी ती काढायला लावली. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो चित्रपट लोकांसमोर आला. भारतीय सिनेमाच्या जन्माच्या वेळी वस्तऱ्यालाही काम पडलं होतं, याची नोंद मला महत्त्वाची वाटते. आनंद यादवांच्या 'नटरंग' कादंबरीतला गुणा हा गडी अंगानं पैलवान आणि तमाशात होतो नाच्या. २०१० मध्ये त्यावरचा चित्रपट आला तेव्हा माझे काका नागपूरला आमच्याकडे होते. चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर ते घरापर्यंत काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "त्याच्या बायकोचं बरोबर होतं, अन त्याचंबी."

या माणसांनी मिशी काढली ती कलेसाठी, आणि त्याची किंमत मोजली. लोकांनी हिणवलं, सोयरिकी अडल्या. मिशी म्हणजे मर्दपणा असं मानणाऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे बघावं. चारशे माणसांसमोर ओठ कोरा करून उभं राहायला जी हिंमत लागते ती मिशीला पीळ देण्याइतकी स्वस्त नाही.

पडद्यावरच्या मिशांची गोष्ट लांबवत नाही. 'गोलमाल' सगळ्यांनी पाहिला आहे. १९७९ सालच्या त्या चित्रपटात नोकरी टिकवायला अमोल पालेकरांना मिशीवाला आणि बिनमिशीवाला असे दोन भाऊ व्हावं लागतं, कारण मालकाच्या मते बिनमिशीचा माणूस विश्वासाचा नाही. मालकाची मर्जी, वरिष्ठांचा हुकूम यांनी मिशी ठरण्याचा इतिहास त्याहून जुना आहे. ब्रिटिश सैन्यात १८६० पासून १९१६ पर्यंत वरचा ओठ भादरायला नियमानंच मनाई होती. उत्तर प्रदेशाच्या सशस्त्र पोलिस दलात भरदार मिशीला भत्ता मिळतो, २०१९ मध्ये तो महिना ५० रुपयांवरून २५० करण्यात आला. आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशात त्याउलट घडलं. जानेवारी २०२२ मध्ये भोपाळच्या एका पोलिस चालकाला लांब मिशी कापली नाही म्हणून निलंबित केलं गेलं, आणि ओरड झाल्यावर ते मागे घेतलं गेलं. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पाकिस्तानच्या ताब्यात सापडले आणि १ मार्चला परत आले. पुढचे पंधरा दिवस माझ्या मित्रानं तशाच मिशा कोरल्या, गालापर्यंत जाणाऱ्या. "एकालेबी शोभली नाई," तो म्हणाला, "पन नाई कसं म्हनाचं?" माझं मत असं की त्यानं म्हणायला हवं होतं. दुसऱ्याच्या शौर्याची मिशी आपल्या ओठावर बसत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नव्हती. साठीचे एक गृहस्थ आले, सफाचट दाढी-मिशी करून घेतली, तुरटी फिरवून घेतली आणि बाकावर माझ्याशेजारी पेपर वाचत बसले. मी विचारलं, कधीच ठेवली नाही का? म्हणाले, "वडिलांनी बाबासाहेबांना पाहिलं होतं. ते म्हनत, मानसानं तसं राहावं." १९५४ मध्ये बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे होते. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, तोवर हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यातच होता. बाबासाहेब ती निवडणूक हरले. पण सुटातला, कोऱ्या ओठाचा, ताठ बसलेला तो माणूस या भागातल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर आहे आणि चेहऱ्यांवरही. पेपर वाचणाऱ्या त्या गृहस्थांची रोजची दाढी ही मला एक भूमिका वाटली. महात्मा फुल्यांच्या तसबिरीतली मिशी ही जशी भूमिका, तशीच.

आणि हेही सांगायला हवं की या देशात मिशी ठेवली म्हणूनही मार बसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये गुजरातच्या गांधीनगर जिल्ह्यातल्या लिंबोदरा गावात मिशी ठेवल्यावरून दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. त्यानंतर शेकडो दलित तरुणांनी आपापल्या मिशांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर लावले. तुझ्या ओठावर काय असावं हे मी ठरवणार, असं म्हणणारा माणूस कोणत्याही जातीचा, कोणत्याही पदावरचा असो, तो चूक आहे. बापही चूक असू शकतो. काकांच्या वडिलांना ते एका हंगामात कळलं, काहींना जन्मात कळत नाही.

मिशी निवडणाऱ्याइतकाच तिला हात लावणाऱ्याचाही विचार व्हावा. वस्तरा कोणावर चालवायचा नाही, हेही नाभिकांनी ठरवलेलं आहे. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईतले नाभिक एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. या धंद्याच्या इतिहासातली ही मोठी गोष्ट आहे आणि प्रत्येक सलूनच्या भिंतीवर ती लिहिलेली असायला हवी. दुसरीकडे, २०२० च्या टाळेबंदीत तीन महिने दुकानं बंद पडली, तेव्हा याच माणसांकडे कोणी वळून पाहिलं नाही. २८ जूनपासून सरकारनं केस कापायला परवानगी दिली, पण दाढी करायला नाही. गिऱ्हाइकं मुखपट्टी लावून यायची आणि तिच्याआडच्या मिशांचं जंगल तसंच घेऊन जायची. माझ्या मित्रानं तो उन्हाळा दुसऱ्याच्या शेतात मजुरी करून काढला.

दोन गोष्टी मात्र गिऱ्हाइकानंच बघायच्या. वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड तुमच्या डोळ्यांदेखत घातलं जातं का, ते बघा. कावीळ 'ब'सारखे रक्तातून पसरणारे आजार वापरलेल्या ब्लेडवरून लागू शकतात. न्हाव्याला ते सांगण्यात अपमान नाही, चांगला न्हावी विचारायच्या आधीच पुडी फाडतो. आणि पांढरी मिशी काळी करणाऱ्यांनी घाई करू नये. काळ्या कलपात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, काहींच्या कातडीला ते सोसत नाही, आणि ओठाची कातडी पातळ. मिशीखाली सूज येऊन डोळ्यापर्यंत तोंड सुजलेला माणूस मी याच दुकानात पाहिला. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबावं. मला विचाराल तर पांढरी मिशी तशीच ठेवावी. धानासारखी तीही पिकलेली चांगली दिसते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो भरतीवाला मुलगा परत आला, या वेळी बापाला घेऊन. बापाला दिवाळीची दाढी करायची होती. बापाची मिशी झुपकेदार, अर्धी पांढरी. त्याचं झाल्यावर पोरगा खुर्चीत बसला. मित्रानं कापड टाकलं, फवारा मारला आणि प्रश्न विचारला. पोरानं सवयीनं बापाकडे बघितलं. बाप काउंटरवर सुट्टे मोजत होता. मान वर न करता म्हणाला, "त्यालेच पूस ना गा." मुलगा जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "राहू द्या. महिन्यानं येतो."

माझे वडील गेले त्याला नऊ वर्षं झाली. त्यांची मिशीही अशीच झुपकेदार होती आणि ते होते तोवर मीही तशीच ठेवली. मला ती आवडते का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तेरवी झाल्यावर महिन्याभरानं याच खुर्चीत बसलो तेव्हा ओठावर नुकतं कुठे उगवलं होतं. मित्रानं नेहमीसारखं विचारलं आणि मी पहिल्यांदा अडलो. आरशात बघितलं. नाक आणि ओठ यांच्यातलं माझं अंतर वडिलांपेक्षा कमी आहे, आईवर गेलेलं. त्यानं दोन-चार गोष्टी काढून मला बोलतं केलं, एकदा हसवलंही. मग कात्री घेतली आणि मिशी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, बारीक कापली.

ती अजून तेवढीच आहे.